नौकेच्या इंजिनातील तापमानदर्शकाची तपासणी : तत्त्व, पद्धती आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील उपयोजन

सारांश

नौकेच्या इंजिनाचे तापमान दाखविणारी यंत्रणा ही सेन्सर, वायर, दर्शक आणि बॅटरी यांनी बनलेले एक साधे विद्युत परिपथ असते. या परिपथातील बहुतेक बिघाड असे असतात की त्यामुळे दर्शकाचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवितो. म्हणजेच यंत्रणा बिघडली की ती धोक्याची नव्हे, तर सुरक्षिततेची ग्वाही देऊ लागते. प्रस्तुत लेखात या दोषाचे भौतिक कारण स्पष्ट करण्यात आले असून, गंजलेल्या सांध्यामुळे होणारी चूक तापमानाबरोबर कशी वाढत जाते हे आकडेमोडीने दाखविले आहे. तसेच साखरखेर्ड्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावातील महाविद्यालयालाही करता येईल अशी तपासणीची क्रमवार पद्धती मांडली आहे.

बीजशब्द : तापमानदर्शक, थर्मिस्टर, सेन्सर, शीतकरण, मल्टीमीटर, अंशांकन, उत्कलनबिंदू.

१. प्रस्तावना

साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील गाव अरबी समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर अंतरावर आहे. अशा ठिकाणच्या महाविद्यालयाने नौकेच्या इंजिनाचा विचार का करावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होऊ शकतो. त्याची उत्तरे दोन आहेत. पहिले असे की, नौकेच्या डिझेल इंजिनावर जी तापमानदर्शक यंत्रणा असते, तीच तत्त्वतः ट्रॅक्टरवर, ट्रकवर, जनरेटरवर आणि पाण्याने थंड होणाऱ्या अनेक स्थिर इंजिनांवर असते. दुसरे असे की, नौकेवर ही यंत्रणा सर्वांत कठोर परीक्षेला सामोरी जाते. खारी हवा, सततची कंपने, ओलावा आणि वाटेत इंजिन बंद पडल्यास मदत मिळण्यातील अडचण, या सर्व बाबी तेथे एकत्र येतात. जी पद्धत नौकेवर विश्वासार्ह ठरते, ती शेतातील इंजिनावर निश्चितच उपयोगी पडते.

इंजिन अतितप्त झाल्यास सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट उडते आणि प्रसंगी पिस्टन सिलिंडरमध्ये जखडून बसतो. शेतात असे घडल्यास दुरुस्तीचा खर्च येतो आणि पिकाची पाण्याची पाळी चुकते. समुद्रात असे घडल्यास नौका वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते, आणि तिच्यावरील तांडेल व खलाशी यांच्या जिवाचा प्रश्न निर्माण होतो. त्यामुळे डॅशबोर्डवरील या लहानशा गोल दर्शकावर कितपत विसंबावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी आदी ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रांत मच्छिमार युवकांना नौकानयनाबरोबरच सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन यांचे प्रशिक्षण देण्यात येते. याउलट विज्ञान शाखेच्या पदवी वर्गांत थर्मिस्टरचा प्रयोग परिचयाचा असला, तरी त्याचा संबंध इंजिनाशी क्वचितच जोडला जातो. एकीकडे व्यवहार आहे, दुसरीकडे तत्त्व आहे. या दोहोंची सांगड घालणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नौकेच्या इंजिनाचे शीतकरण

तपासणीकडे वळण्यापूर्वी दर्शक नेमके कशाचे तापमान दाखवितो, हे पाहणे आवश्यक आहे. नौकेवरील इंजिनांत शीतकरणाच्या दोन प्रमुख पद्धती आढळतात.

पहिल्या पद्धतीत समुद्राचे पाणी पंपाने खेचून थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरविले जाते आणि बाहेर सोडले जाते. कॅल्शियमचे काही क्षार थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतात. त्यामुळे समुद्राचे पाणी फार तापल्यास त्यांचा थर आतील पृष्ठभागावर बसतो. हे टाळण्यासाठी अशा इंजिनाचे तापमान कमी, साधारणतः ६० अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते.

दुसऱ्या पद्धतीत इंजिनात गोडे पाणी अथवा कूलंट बंदिस्तपणे फिरत असते आणि समुद्राचे पाणी हीट एक्स्चेंजरमधून जाऊन त्याची उष्णता वाहून नेते. येथे इंजिनाचे तापमान साधारणतः ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान असते. ट्रॅक्टरमध्ये हेच काम रेडिएटर आणि हवा करतात, एवढाच काय तो फरक.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. ८० अंश हे तापमान दुसऱ्या प्रकारच्या इंजिनासाठी अगदी सामान्य, तर पहिल्या प्रकारच्या इंजिनासाठी चिंतेचे असू शकते. म्हणून ‘काटा मध्यावर आहे, म्हणजे सर्व ठीक आहे’ हे अनुमान पुरेसे नाही. आपल्या इंजिनाचे नेहमीचे तापमान किती, हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरून माहीत असले पाहिजे, आणि दर्शक तेवढेच दाखवितो का, हे तपासलेले असले पाहिजे.

३. यंत्रणेची रचना व कार्य

या यंत्रणेचे मुख्य भाग पाच आहेत : बॅटरीकडून स्विचमार्गे येणारा पुरवठा, दर्शक, दर्शकापासून सेन्सरपर्यंत जाणारी वायर, इंजिनाच्या पाण्यात बसविलेला सेन्सर, आणि सेन्सरच्या धातूच्या अंगातून इंजिनाच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारा मार्ग, ज्यास व्यवहारात अर्थ म्हणतात.

सेन्सरच्या पितळी टोपीत थर्मिस्टर असतो. धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. थर्मिस्टरमधील अर्धवाहक पदार्थाचा रोध मात्र तापमानाबरोबर झपाट्याने घटतो. तापमान वाढले की रोध कमी होण्याचा हा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या संदर्भात नोंदविला होता. आज इंजिनाच्या सेन्सरमध्ये सामान्यतः काही धातूंच्या ऑक्साइडांपासून बनविलेले थर्मिस्टर वापरले जातात.

युरोपीय पद्धतीच्या एका प्रचलित सेन्सरचे रोध पुढीलप्रमाणे असतात (मूल्ये स्थूलमानाने) :

४० अंशांस – २८७ ओहम
६० अंशांस – १३५ ओहम
८० अंशांस – ७० ओहम
९० अंशांस – ५१ ओहम
१०० अंशांस – ३८ ते ३९ ओहम
१२० अंशांस – २३ ओहम

अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरची श्रेणी वेगळी असून ती थंड टोकास सुमारे ४५० ओहमपासून सुरू होते व गरम टोकास सुमारे ३० ओहमपर्यंत उतरते. म्हणूनच सेन्सर आणि दर्शक हे एकाच पद्धतीचे असणे आवश्यक आहे. दोन्ही नवे व निर्दोष असूनही जोडी विजोड असेल, तर निर्देश चुकीचाच येतो. बाजारातून ‘बसतो’ म्हणून आणलेला सेन्सर आट्यांनी बसला तरी रोधाने बसेलच असे नाही.

दर्शक दोन प्रकारचे आढळतात. जुन्या प्रकारात द्विधातू पट्टीभोवती तापक तार गुंडाळलेली असते. सेन्सरमधून जितका प्रवाह अधिक, तितकी पट्टी अधिक वाकते व काटा सरकतो. असा काटा सावकाश हलतो. या दर्शकाला स्थिर व्होल्टता लागते, म्हणून त्यासोबत व्होल्टता नियंत्रक बसविलेला असतो. दुसऱ्या प्रकारात चुंबकीय वेटोळी असतात आणि त्यांतील प्रवाहांच्या गुणोत्तरावर काट्याची जागा ठरते. असा दर्शक बॅटरीच्या व्होल्टतेतील चढउतारांनी फारसा प्रभावित होत नाही. यांव्यतिरिक्त काही इंजिनांवर वायरविरहित यांत्रिक दर्शक असतो. त्यात द्रवाने भरलेला बल्ब बारीक तांब्याच्या नळीने दर्शकाला जोडलेला असतो. ही नळी मुडपली अथवा तुटली की सबंध दर्शक बदलावा लागतो.

४. बिघाड कोणत्या दिशेने होतो?

प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. सेन्सरचा रोध अधिक असेल तर दर्शक ‘थंड’ दाखवितो आणि रोध कमी असेल तर ‘गरम’ दाखवितो. आता परिपथात सामान्यतः काय काय बिघडू शकते, ते पाहू.

(अ) स्विचकडून पुरवठा न मिळणे : काटा थंड टोकास राहतो.
(आ) सेन्सरकडे जाणारी वायर तुटणे अथवा लग निसटणे : रोध अनंत होतो, काटा थंड टोकास राहतो.
(इ) सांध्यावर गंज चढणे : रोध वाढतो, काटा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवितो.
(ई) सेन्सरच्या आट्यांवर सीलिंग टेप जास्त गुंडाळल्याने अर्थ नीट न मिळणे : रोध वाढतो, काटा कमी तापमान दाखवितो.
(उ) सेन्सर आतून तुटणे : काटा थंड टोकास राहतो.
(ऊ) वायरचे आवरण घासून ती बॉडीला टेकणे : रोध जवळजवळ शून्य होतो, काटा गरम टोकास जातो.

या सहा बिघाडांपैकी पाच बिघाडांत काटा खोटी निश्चिंतता देतो. केवळ सहाव्या बिघाडात तो खोटी भीती दाखवितो. खोटी भीती दाखविणारा बिघाड तात्काळ लक्षात येतो व त्याची दुरुस्ती होते. खोटी निश्चिंतता देणारा बिघाड मात्र इंजिन जखडेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. ज्या दर्शकाविषयी कधीच तक्रार झाली नाही, तो दर्शक चांगलाच असेल, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

५. गंजलेल्या सांध्याचे गणित

वरील (इ) क्रमांकाचा बिघाड नौकेवर विशेषत्वाने संभवतो. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेवर व पितळी लगवर हिरवट थर चढतो. वायर तुटलेली नसते, काटाही हलत असतो, त्यामुळे संशय येत नाही. समजा, अशा सांध्याने परिपथात ३० ओहम एवढा जादा रोध निर्माण केला, तर वर दिलेल्या सेन्सरच्या बाबतीत दर्शक काय दाखवील, याची आकडेमोड करता येते. प्रत्यक्ष रोधात ३० ओहम मिळवावयाचे आणि त्या बेरजेस अनुरूप असलेले तापमान शोधावयाचे.

प्रत्यक्ष ४० अंश असता – एकूण ३१७ ओहम – दर्शक सुमारे ३७.५ अंश दाखवील.
प्रत्यक्ष ६० अंश असता – एकूण १६५ ओहम – दर्शक सुमारे ५४.५ अंश दाखवील.
प्रत्यक्ष ८० अंश असता – एकूण १०० ओहम – दर्शक सुमारे ६९ अंश दाखवील.
प्रत्यक्ष ९० अंश असता – एकूण ८१ ओहम – दर्शक सुमारे ७५ अंश दाखवील.
प्रत्यक्ष १०० अंश असता – एकूण ६८.५ ओहम – दर्शक सुमारे ८० ते ८१ अंश दाखवील.

यातील शेवटची ओळ विचार करण्यासारखी आहे. पाणी उकळण्याच्या बेतात असताना दर्शक ८० अंश, म्हणजे कूलंटयुक्त इंजिनाचे अगदी नेहमीचे तापमान, दाखवीत आहे. पहिल्या ओळीत मात्र चूक केवळ अडीच अंशांची आहे आणि ती काट्याकडे पाहून कळणे शक्य नाही. जादा रोध तेवढाच असूनही थंड स्थितीत चूक नगण्य आणि गरम स्थितीत २० अंशांची असते. याचे कारण असे की, तापमान वाढत जाते तसा सेन्सरचा स्वतःचा रोध लहान होत जातो आणि बाहेरून आलेल्या ३० ओहमचा वाटा त्या तुलनेत मोठा होत जातो.

यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारासाठी निर्णायक आहे. इंजिन नुकतेच सुरू केलेले असताना दर्शक बरोबर वाटला म्हणून तो बरोबर आहे असे समजता येत नाही. तपासणी श्रेणीच्या गरम टोकाजवळ केली पाहिजे, कारण धोका तेथेच असतो आणि चूकही तेथेच मोठी होते.

६. तपासणीची क्रमवार पद्धती

साहित्य : डिजिटल मल्टीमीटर, काचेचा तापमापी अथवा विश्वासार्ह डिजिटल तापमापी, पाणी तापविण्याचे भांडे व शेगडी, ढवळणी, वायरचे दोन तुकडे चिमट्यांसह, आणि २७०, १३०, ६८, ३९ व २२ ओहमचे रोधक, प्रत्येकी किमान २ वॅट क्षमतेचे.

दक्षता : इंजिन गरम असताना रेडिएटरचे अथवा कूलंटच्या टाकीचे झाकण कदापि उघडू नये. दाब अचानक कमी झाल्याने पाणी उसळून गंभीर भाजण्याचा संभव असतो. तपासणी इंजिन बंद ठेवून, फक्त स्विच चालू करून करावी. रोध मोजताना परिपथात विद्युत पुरवठा नसावा. नौकेच्या इंजिनकक्षात इंधनाची वाफ साठलेली नाही याची खात्री करावी, कारण वायर काढताना ठिणगी उडू शकते.

पहिली पायरी – पुरवठा : दर्शकाच्या पुरवठा टोकावर व्होल्टता मोजावी. १२ व्होल्टच्या यंत्रणेत इंजिन बंद असताना ती साधारणतः १२ ते १२.७ व्होल्ट असावी. काही नौकांवर यंत्रणा २४ व्होल्टची असते, म्हणून दर्शकावरील छाप प्रथम वाचावी. द्विधातू प्रकारात नियंत्रकानंतरची व्होल्टता कमी व स्पंदमान असू शकते, तो दोष नव्हे. मात्र इंधनदर्शक व तापमानदर्शक हे दोन्ही एकाच वेळी वर चढलेले आढळले, तर दोष नियंत्रकात असण्याचा संभव अधिक असतो.

दुसरी पायरी – वायर सोडणे : सेन्सरवरील वायर काढून मोकळी धरावी. काटा थंड टोकास गेला पाहिजे. तो गरम टोकासच राहिला, तर वायर वाटेत कोठेतरी बॉडीला टेकलेली आहे अथवा दर्शक सदोष आहे.

तिसरी पायरी – वायर टेकविणे : तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावी. काटा गरम टोकाकडे निघाला पाहिजे. काटा निघताच वायर काढून घ्यावी, विशेषतः द्विधातू दर्शकात ती टेकवून ठेवू नये. येथे केवळ सेन्सरची वायरच टेकवावयाची आहे. बॅटरीकडून येणारी पुरवठ्याची वायर चुकून टेकल्यास फ्यूज उडेल अथवा वायर जळेल. काही थोड्या दर्शकांची रचना उलट असते, म्हणून पुस्तिका पाहणे इष्ट.

बहुतेक कार्यशाळांत तपासणी येथेच संपते. काटा हलला तर दर्शक चांगला व सेन्सर खराब, असा निर्णय दिला जातो. या दोन पायऱ्यांनी वायर तुटलेली नाही आणि काटा अडकलेला नाही, एवढेच सिद्ध होते. काटा मधल्या श्रेणीत बरोबर जागी थांबतो की नाही, हे सिद्ध होत नाही. पाचव्या विभागातील गंजलेला सांधाही या चाचणीत सापडेलच असे नाही, कारण शून्य ओहमऐवजी ३० ओहम मिळाले तरी काटा गरम भागाकडेच झेपावतो. म्हणून पुढील पायऱ्या आवश्यक आहेत.

चौथी पायरी – ज्ञात रोधक : सेन्सरच्या टोकाशी वायर व बॉडी यांच्यामध्ये एकेक ज्ञात रोधक जोडावा व काटा स्थिर होईपर्यंत थांबावे. वर दिलेल्या श्रेणीच्या दर्शकात २७० ओहमला सुमारे ४१ अंश, १३० ला ६१, ६८ ला ८१, ३९ ला जवळजवळ १०० आणि २२ ओहमला सुमारे १२१ अंश दिसले पाहिजेत. हे रोधक इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात अल्प किमतीत मिळतात. रोधक सेन्सरच्या जागी जोडला असल्याने दर्शकासोबत वायर व सांधे यांचीही परीक्षा एकाच वेळी होते. काटा सर्वच ठिकाणी कमी दाखवीत असेल व गरम टोकाकडे तफावत वाढत असेल, तर परिपथात जादा रोध आहे असे समजावे.

पाचवी पायरी – वायर व अर्थ : स्विच बंद करून वायरची दोन्ही टोके मोकळी करावीत व तिचा रोध मोजावा. तो एक ओहमपेक्षा कमी असावा. त्याचप्रमाणे सेन्सरची धातूची टोपी व बॅटरीचे ऋण टोक यांमधील रोधही, बॅटरीची जोडणी सोडून, मोजावा. मल्टीमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून वजा करावा. रोध अधिक आढळल्यास लग काढून घासणे, नवा लग दाबून बसविणे व त्यावर ग्रीसचा संरक्षक थर देणे हे उपाय करावेत.

सहावी पायरी – सेन्सरची पाण्यातील चाचणी : इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सेन्सर काढून त्याचा खालचा भाग पाण्यात बुडवावा. विद्युत जोडणीचे टोक पाण्याबाहेर राहील याची काळजी घ्यावी. तापमापीचा बल्ब सेन्सरच्या शेजारी, परंतु भांड्याच्या तळाला न टेकता धरावा. पाणी सावकाश तापवावे, सतत ढवळावे आणि दर १० अंशांनी सेन्सरच्या टोक व टोपी यांमधील रोध नोंदवावा. नंतर पाणी निवताना त्याच नोंदी पुन्हा घ्याव्यात. तापताना व निवताना घेतलेल्या नोंदींत मोठी तफावत असेल, तर पाणी फार वेगाने तापविले गेले आहे असे समजून प्रयोग पुन्हा करावा.

७. उत्कलनबिंदूविषयी एक सूचना

सहाव्या पायरीत अनेकदा तापमापीशिवायच ‘उकळते पाणी म्हणजे १०० अंश’ असे गृहीत धरले जाते. कोकण किनाऱ्यावर हे गृहीत बरेचसे योग्य आहे. साखरखेर्डा परिसर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे ते सहाशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. उंचीच्या दर ३०० मीटरांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, त्यामुळे येथे पाणी सुमारे ९८ अंशांस उकळते. या तापमानास वरील सेन्सरचा रोध ३८.५ नव्हे, तर सुमारे ४१ ओहम असेल. हे ध्यानात न घेतल्यास विद्यार्थी निर्दोष सेन्सरला सदोष ठरविण्याचा संभव आहे.

याच ठिकाणी अध्यापनाची एक चांगली संधी आहे. उंची, वायुदाब, उत्कलनबिंदू आणि थर्मिस्टर हे पाठ्यपुस्तकातील वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले विषय एका भांडे पाण्यात एकत्र येतात. थर्मिस्टरच्या नोंदींचा आलेख काढताना रोधाचा लॉगरिथम व केल्विन तापमानाचा व्यस्त यांच्यात सरळ रेषा मिळते. तिच्या उतारावरून त्या सेन्सरचा स्थिरांक काढता येतो. वर दिलेल्या मूल्यांवरून तो सुमारे ३,९०० केल्विन येतो. हा स्थिरांक हाती आला की पाचव्या विभागातील आकडेमोड विद्यार्थी स्वतः करू शकतात.

८. दर्शकाची मर्यादा आणि दुसरा साक्षीदार

संपूर्ण यंत्रणा निर्दोष ठरली, तरी एक मर्यादा शिल्लक राहते. सेन्सर ज्या पाण्यात बुडालेला असतो, त्याच पाण्याचे तापमान तो सांगतो. होज फुटून पाणी निघून गेले, तर सेन्सर हवेत अथवा वाफेत उघडा पडतो. अशा वेळी धातू धोकादायक रीतीने तापलेला असतानाही काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला, तर ती सुटकेची नव्हे, इंजिन त्वरित बंद करण्याची खूण असू शकते, हे इंजिन चालविणाऱ्या प्रत्येकाला सांगितले गेले पाहिजे.

म्हणून दर्शकाला नेहमी दुसरा साक्षीदार असावा. नौकेवर असा साक्षीदार म्हणजे बाहेर पडणारे समुद्राचे पाणी होय. त्याची धार बारीक झाली अथवा थांबली, तर पंपाच्या रबरी इंपेलरची पाती तुटली असण्याचा किंवा गाळणीत कचरा अडकल्याचा संशय घ्यावा, मग काटा काहीही दाखवो. स्वतंत्र वायरवरील इशारा स्विच व भोंगा हाही चांगला साक्षीदार आहे. पूरप्रसंगी बचावकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बोटींच्या बाह्य इंजिनांवर बहुधा दर्शकाऐवजी अशा भोंग्यावर व पाण्याच्या धारेवरच भिस्त असते.

इन्फ्रारेड तापमापीने थर्मोस्टॅटच्या घराचे बाहेरून तापमान घेणे हा आणखी एक मार्ग आहे. चकचकीत धातूवर असा तापमापी कमी तापमान दाखवितो, म्हणून तेथे काळा रंग अथवा काळी चिकटपट्टी लावून मग मोजणी करावी. बाहेरील पृष्ठभाग आतील पाण्यापेक्षा काही अंशांनी थंड असतो, हेही ध्यानात ठेवावे.

९. तपासणीचा काळ व महाविद्यालयाची भूमिका

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि जाळी, लाकूड व इंजिन यांची डागडुजी होते. सेन्सर व सांधे तपासण्यास याहून योग्य काळ नाही. आपल्या भागात हेच स्थान रब्बी हंगामापूर्वीच्या दिवसांना आहे. इंजिनावर खरा भार पडण्याआधी तपासणी झाली, तर तिचा उपयोग होतो.

महाविद्यालयाने या संदर्भात तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली, थर्मिस्टरच्या प्रात्यक्षिकात प्रयोगशाळेतील सुट्या घटकाबरोबर ट्रॅक्टरचा अथवा नौकेचा प्रत्यक्ष सेन्सर वापरणे. दुसरी, पाच रोधकांचा एक छोटा संच विद्यार्थ्यांकडून तयार करून घेऊन राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातील ट्रॅक्टर व पंपांच्या दर्शकांची तपासणी करणे. तिसरी, प्रत्येक तपासणीची तारीख, रोधक व काट्याचा निर्देश यांची नोंद ठेवणे. अशा नोंदी दोन-तीन वर्षे साठल्यास कोणते सांधे किती काळात खराब होतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या मोजणीतून कळेल.

१०. निष्कर्ष

१) तापमानदर्शक यंत्रणेतील बहुतेक बिघाड प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखविणारे असतात. त्यामुळे काट्याचे शांत राहणे हा यंत्रणा निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही.

२) गंजलेल्या सांध्यामुळे होणारी चूक थंड स्थितीत नगण्य व गरम स्थितीत मोठी असते. ३० ओहमच्या जादा रोधाने १०० अंशांचे तापमान सुमारे ८० अंश भासू शकते.

३) वायर सोडणे व टेकविणे ही प्रचलित चाचणी आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. ज्ञात रोधकांची चाचणी व सेन्सरची गरम पाण्यातील चाचणी यांची तिला जोड द्यावी.

४) पठारी भागात उत्कलनबिंदूची दुरुस्ती करूनच सेन्सरविषयी निर्णय घ्यावा.

५) दर्शक कितीही विश्वासार्ह असला, तरी पाण्याची धार, इशारा भोंगा अथवा बाह्य तापमापी यांपैकी एक तरी स्वतंत्र साक्षीदार असावा.

विज्ञानाच्या अध्यापनात ‘मापन’ हा विषय आपण बहुधा पहिल्याच आठवड्यात संपवितो. मोजणाऱ्या साधनाचीच मोजणी का करावी लागते, हा प्रश्न मात्र विद्यार्थ्याला वर्गात क्वचितच भेटतो. नौकेच्या इंजिनावरील हा साधा दर्शक तो प्रश्न अत्यंत स्पष्टपणे उभा करतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारे सर्व साहित्य आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात आधीच उपलब्ध आहे.